पसारा आणि मुक्काम

विस्ताराने मोठा आणि प्रदेशागणिक निराळा असा देश समजून घ्यायचा, तर त्याचे शक्य तितके भाग पाहावेत की मोजके भाग निवडून तेथे दीर्घकाळ राहावे, हा प्रश्न हिंडणाऱ्या माणसाला पहिल्या प्रवासापासून पडलेला असतो आणि बहुधा तो न सोडवताच माणूस पुढच्या प्रवासाची तिकिटे काढतो. भारताच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड आहे. सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रफळाची, उत्तर-दक्षिण ३,२१४ आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर पसरलेली ही भूमी हिमनद्यांपासून खारफुटीपर्यंत सर्व काही पोटात घेऊन आहे आणि नोकरदार माणसाच्या वाट्याला येणारी रजा या आवाक्यापुढे अगदीच तोकडी आहे.

या प्रश्नाच्या दोन उत्तरांना येथे सोयीसाठी पसारा आणि मुक्काम अशी नावे दिली आहेत. पसारा म्हणजे तुलनेच्या हेतूने अनेक प्रदेशांतून जाणे. मुक्काम म्हणजे एकाच प्रदेशाचे पाणी, पीक, बाजार, आजार आणि सण वर्षाच्या क्रमाने पाहत राहणे. पुढील संवाद या दोन भूमिकांना बोलते करण्यासाठी कल्पिला आहे. त्यातील बाई या सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका असून त्यांचा अभ्यास कृष्णा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांपुरता, पण तेथे अत्यंत बारीक आहे. प्रवासी हा त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी. त्याचे मूळ गाव जावळी तालुक्यात, नोकरीची काही वर्षे धुळे जिल्ह्यात पाटबंधाऱ्यांच्या कामावर गेलेली, आणि दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्ट्यांत त्याने मिझोराम आणि त्रिपुरा वगळता देशातील सर्व राज्यांत पाऊल ठेवलेले आहे.

प्रवासी : बाई, देशाचा आवाका नकाशावर बोट फिरवून कळत नाही, तो जमिनीवरून जातानाच अंगी लागतो. आसामातील दिब्रुगढहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस २०११ मध्ये सुरू झाली. तिचा मार्ग चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे आणि तो पार करायला तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. या वाटेवर चहाचे मळे संपून भाताची खाचरे लागतात. बंगालमधील पुकुर, म्हणजे घराशेजारी मासे पाळण्यासाठी राखलेली तळी, मागे पडून ओडिशा आणि आंध्रच्या किनारपट्टीवर ताडांच्या रांगा सुरू होतात. आणि कोइमतूर ओलांडल्यावर गाडी पालघाट खिंडीत शिरते. पश्चिम घाटाच्या सलग भिंतीत पडलेली ही तीस-चाळीस किलोमीटर रुंदीची फट ओलांडताना कोरडा, तपकिरी मुलूख तास-दोन तासांत ओला आणि हिरवा होतो. घाटमाथा म्हणजे काय, तो पावसाला कसा अडवतो, हे वर्गात कितीही शिकवले तरी खिडकीतून दिसणाऱ्या या बदलाची सर त्याला येत नाही. आणि अंतराइतकीच वेळेचीही गोष्ट आहे. देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांत सुमारे तीस रेखांशांचे अंतर आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन टोकांच्या सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो, घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरचे. म्हणूनच आसामातील चहाच्या मळ्यांनी ब्रिटिश काळापासून बागान टाइम नावाची, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असणारी वेळ चालवली आहे. या गोष्टी घरी बसून माहीत होतात, पण खऱ्या वाटत नाहीत.

बाई : तीन दिवसांच्या प्रवासात तीन रात्री येतात, हे तू हिशेबात धरलेले दिसत नाही. ज्या प्रदेशांतून गाडी रात्री गेली ते प्रदेश पाहणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत, आणि दिवसा दिसले ते रुळांच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तेवढेच. शिवाय पावसाचा जो बदल पाहण्यासाठी तू पालघाटपर्यंत गेलास तो आपल्या जिल्ह्यात चालत पाहता येतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तेथून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पाऊस झाला तरी शेतकरी वर्ष बरे गेले म्हणतो. डोंगराने ढग अडवल्यामुळे त्याच्या पाठीमागे जो कोरडा पट्टा तयार होतो त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, ही व्याख्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते; पण त्या छायेत घराचे धाबे सपाट का होते, भाताची जागा ज्वारी-बाजरी कोठे घेते, मेंढरे घेऊन घर सोडण्याची पाळी कोणत्या महिन्यात येते, हे व्याख्येत नसते आणि रेल्वेच्या खिडकीतही नसते. शंभर किलोमीटरच्या आत एवढे वैविध्य असताना चार हजार किलोमीटर धावण्याची गरज काय? कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच.

बाईंची ही म्हण त्यांच्या युक्तिवादाच्या विरोधात जाते, हे लक्षात घेतले पाहिजे. पळसाला सर्वत्र पाने तीनच असतील तर महाबळेश्वर आणि माण यांतील भेदालाही अर्थ उरत नाही. त्यांना म्हणायचे आहे ते इतकेच की भेद पाहण्यासाठी अंतर लागत नाही, बारकाई लागते. प्रवाशाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले.

प्रवासी : बारकाई हवीच, पण जे सतत डोळ्यांसमोर असते त्याच्याकडे बारकाईने पाहण्याची बुद्धी होत नाही. आपल्याकडच्या मुलाला दगड म्हणजे काळा दगड. किल्ल्याचा बुरूज काळा, हेमाडपंती देऊळ काळे, नदीचा घाट काळा. कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थराथरांनी वाहिलेल्या लाव्हाचा तो बेसाल्ट आहे, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच थरांवर वसलेला आहे. कोल्हापूरहून आग्नेयेला निघाले की हा काळा दगड बेळगावच्या पुढे संपतो. बदामीला पोचेपर्यंत कडे तांबूस होतात. तो वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण दाबले जाऊन बनलेला खडक. तो तुलनेने मऊ असल्यामुळे सहाव्या शतकातील चालुक्यांच्या कारागिरांनी त्यात लेणी कोरली, आणि त्यांतील तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. तेथून दीडशे किलोमीटरच्या आत हंपी येते आणि दगड पुन्हा बदलतो. हंपीचा ग्रॅनाइट कठीण, त्याचे गोलसर धोंडे एकावर एक रचल्यासारखे पडलेले. तेथील कित्येक धोंड्यांवर ओळीने पाडलेली लहान चौकोनी छिद्रे आजही दिसतात. त्यांत पाचरी ठोकून कारागीर दगड सरळ रेषेत फोडत आणि त्या शिळांच्या तुळया व खांब करत. काही धोंड्यांवर छिद्रांची ओळ पाडून झाली, पण दगड फोडायचा राहून गेला. ते पाहिल्यावर विजयनगरच्या देवळांची बांधणी खांबांवर आणि आडव्या तुळयांवर का उभी आहे हे उमगते, आणि परतल्यावर वाईच्या घाटाकडे पाहताना तो काळा का, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. बाई, तुमच्या खोऱ्यात जन्मभर राहून हा प्रश्न पडला असता का?

बाई : पडला नसता, हे मान्य केले पाहिजे. पण तू सांगितलेल्या वाटेत एक गोष्ट ध्यानात घे. ती वाट लांबीने थोडी होती, तू ती रस्त्याने, थांबत, एका दगडाचा माग काढत केलीस. तिचे फळ मिळाले ते त्यामुळे, राज्य बदलल्यामुळे नव्हे. राज्याची सीमा ओलांडणे म्हणजे नवा प्रदेश पाहणे ही समजूत १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेनंतर पक्की झाली असावी. राज्यकारभारासाठी ती रचना योग्यच होती, पण प्रवाशाने तिचा गज करून देश मोजू नये. सोलापूर आणि विजयपूर या दोन जिल्ह्यांमध्ये राज्यसीमा आहे, भाषा बदलते, पण काळी जमीन तीच, रब्बीची ज्वारी तीच आणि ताटातली भाकरीही तीच. तेथे तिला रोट्टी म्हणतात एवढेच. उलट एकाच महाराष्ट्रात दापोलीच्या आणि दहिवडीच्या ताटांत साम्य शोधावे लागते. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी लोकांना २०२२ पर्यंत देशातील किमान १५ पर्यटनस्थळे पाहण्याचे आवाहन केले. त्यामागचा हेतू चांगला होता, पण अशा आवाहनातला आकडा लक्षात राहतो आणि हेतू विसरला जातो. तुझ्या यादीत दोन राज्ये उरली आहेत असे तू सांगतोस. त्या दोन राज्यांविषयी तुला काय जाणून घ्यायचे आहे, ते मात्र अजून सांगितले नाहीस.

या प्रश्नाला प्रवाशाने थेट उत्तर दिले नाही, आणि ते त्याच्याजवळ नसावे असेच वाटते. त्याने आपली सर्वांत मोलाची निरीक्षणे पुढे केली. ती दोन्ही सविस्तर देण्याजोगी आहेत, कारण वादाचा कल त्यांच्यामुळेच बदलला.

प्रवासी : लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षभरात जेमतेम शंभर मिलीमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो, आपले माणही त्यापुढे सुकाळाचे. तेथील शेती चालते ती डोंगरावरच्या बर्फाच्या आणि हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर. मे महिन्यात सातूची पेरणी झालेली असते आणि ओढ्याचे पाणी अजून थोडे असते, तेव्हा ते कोणाच्या वावराला कधी द्यायचे हे ठरवण्यासाठी गाव एका माणसाची नेमणूक करते. त्याला चुरपोन म्हणतात. तो पाटाच्या कडेने फिरतो, एका वावराचे तोंड माती-दगडांनी बंद करतो, दुसऱ्याचे उघडतो, आणि त्याच्या निर्णयावर सहसा वाद होत नाही, कारण हे काम गावात पाळीने फिरते आणि आज पाणी वाटणारा उद्या पाणी घेणारा असतो. बरोबरचे पर्यटक मठाची छायाचित्रे काढत होते, पण हे दृश्य सोडून हलवेना, कारण ते ओळखीचे होते. धुळ्याकडे पांझरा नदीवर आणि नाशिककडे मोसम व आरम या नद्यांवर जी फड पद्धत शतकानुशतके चालली, तिच्यात हेच घडत असे. नदीवर बंधारा घालून पाट काढायचा, भिजणाऱ्या क्षेत्राचे फड म्हणजे मोठे भाग पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे द्यायचे. वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि बऱ्याच फडांचे काम थंडावले. लेहच्या त्या ओढ्यापाशी पहिल्यांदा लक्षात आले की फड ही खानदेशातली एखादी स्थानिक गंमत नव्हती. पाणी थोडे आणि वाटेकरी अनेक असतील तेथे माणसे स्वतंत्रपणे ज्या तोडग्याशी पोचतात, त्याचे ते एक रूप होते. दोन हजार किलोमीटर अंतर कापल्याशिवाय हे कळले नसते.

बाई : आणि दुसरे निरीक्षण?

प्रवासी : दुसरे मेघालयातले. सोहरा, म्हणजे पूर्वीचे चेरापुंजी, येथे वर्षाला अकरा हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि मे महिन्यातच त्याची सुरुवात होऊन गेलेली असते. तेथे शेतात वाकून काम करणाऱ्या खासी स्त्रियांच्या पाठीवर शिंपल्याच्या आकाराचे एक आवरण असते. बांबूच्या पातळ कामट्यांची दुहेरी वीण, तिच्या मधल्या थरात रुंद पाने दाबून बसवलेली. वरचे टोक डोक्यावर टेकते, खालची कड कमरेच्या खाली जाते. त्याला क्नूप म्हणतात. छत्रीला एक हात गुंतवावा लागतो आणि वाऱ्यात ती उलटते. क्नूपमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात आणि माणूस वाकला की पाणी पाठीवरून सरळ निथळून जाते. ज्याने जावळीत किंवा कोकणात भाताची लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर इरले पाहिले आहे, त्याला ही वस्तू समजावून सांगावी लागत नाही. उभ्याने चालणाऱ्यासाठी छत्री आणि वाकून राबणाऱ्यासाठी इरले, हा भेद दोन्ही डोंगरांनी ओळखला. इकडे प्लास्टिकच्या कागदाने इरल्याची जागा घेतली, तिकडे क्नूप अजून विणली जाते. हे पाहणे म्हणजे नुसते फिरणे आहे असे तुम्ही म्हणाल का?

बाई : नाही म्हणणार. पण तुझ्या दोन्ही उदाहरणांनी बाजू कोणाची बळकट केली ते पाहा. चुरपोनकडे तुझी नजर गेली, कारण पांझरेच्या पाटावर तू काही वर्षे काढली होतीस. क्नूप तुला कळली, कारण तुझ्या आजीच्या पाठीवर इरले होते. बरोबरच्या पर्यटकांपाशी डोळे होते, प्रवासखर्च होता, वेळही तेवढाच होता. नव्हता तो फक्त मुक्काम. म्हणजे मुक्कामावाचून पसारा आंधळा राहतो, हे तूच सिद्ध केलेस.

येथे बाईंचा मुद्दा निर्विवाद आहे. तुलनेला दोन बाजू लागतात आणि त्यांतील एक तरी आतून माहीत असावी लागते. दोन्ही बाजू वरवरच्या असल्या तर प्रवासी साम्य किंवा वैचित्र्य यांपैकी एकाची नोंद करतो, कारण मात्र त्याच्या हाती लागत नाही. मात्र बाईंनी यावरून काढलेला पुढचा निष्कर्ष, की मुक्काम एकदा साधला की पसाऱ्याची गरज नाही, स्वीकारता येत नाही. पाटकऱ्याला काही वर्षे पाहूनही तो एका व्यापक गोष्टीचा नमुना आहे हे धुळ्यात कळले नव्हते, ते लेहला कळले. खुद्द बाईंनाही हा निष्कर्ष टिकवून धरण्यात फारसा रस नव्हता, कारण त्यांच्या मनात त्याहून गंभीर आक्षेप होता.

बाई : तुझ्या सगळ्या प्रवासाला एक मोठी उणीव आहे आणि ती अंतराची नाही. तू दिवाळीत आणि मे महिन्यात जातोस. म्हणजे तू पाहिलेला देश हा कार्तिकातला आणि वैशाखातला देश आहे. तुझ्या कच्छच्या रणाचे वर्णन कर.

प्रवासी : क्षितिजापर्यंत पांढरे मीठ, चालताना पायाखाली कुरकुरणारे.

बाई : ते रणाचे हिवाळी रूप झाले. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याने लोटलेले समुद्राचे पाणी आणि नद्यांचे पाणी मिळून ती जमीन बुडते. छोट्या रणात त्या दिवसांत कोळंबी पकडतात. पाणी ओसरले की अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबे, रणात उतरतात, जमिनीखालचे खारे पाणी उपसतात, पायांनी तुडवून आगरे तयार करतात, उन्हाळ्यात मीठ काढतात आणि पुढचा पाऊस येण्याआधी बिऱ्हाड उचलून गावी परततात. त्यांच्या दृष्टीने रण हे ठिकाण नाही, ते वर्षाचे आठ महिने आहे. सोहऱ्याचेही तसेच. तू तेथला पाऊस पाहिलास, पण हिवाळ्यात त्याच सोहऱ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट होते, कारण पाऊस थोड्या महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र आहेत, माती पातळ आहे आणि चुनखडीच्या खडकातून पाणी खाली निघून जाते. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एका जागी पाण्याची टंचाई, ही गोष्ट ज्याने पाहिली नाही त्याने सोहरा अर्धाच पाहिला. आणि माजुली?

प्रवासी : माजुलीला कार्तिक पौर्णिमेच्या रासासाठी जाणे झाले. शंकरदेव-माधवदेवांच्या परंपरेतील सत्रे, म्हणजे वैष्णव मठ, तेथे आहेत. समागुरी सत्रात बांबूच्या सांगाड्यावर कापड आणि माती चढवून मुखवटे करतात. मिशिंग लोकांची घरे खांबांवर उचललेली असतात, त्यांना चांगघर म्हणतात. जमीन बांबूची, घराखाली हातमाग आणि डुकरे-कोंबड्या. फार सुबक दिसतात ती घरे.

बाई : सुबक दिसतात, कारण तू ती कोरड्या जमिनीवर पाहिलीस. आषाढ-श्रावणात ब्रह्मपुत्रा त्या खांबांना लागते तेव्हा ती घरे खरोखर काय आहेत ते कळत असेल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी असलेल्या माजुलीतील निम्म्याहून अधिक जमीन नदीने गिळली आहे, कित्येक सत्रांना पलीकडच्या काठावर हलावे लागले आहे. हे कार्तिकातल्या रासात दिसत नाही. जुन्या यात्रिकांना ऋतूचे भान तुमच्यापेक्षा अधिक होते. नर्मदेची परिक्रमा करणारे नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीरांनी चालतात, पण चातुर्मासात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, एका गावी थांबतात. परंपरेने सांगितलेली परिक्रमेची मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस आहे. पूर आणि चिखल यांमुळे थांबणे भागच होते हे खरे, पण त्यामुळे चालणाऱ्याला प्रत्येक वर्षी एका गावाचा अख्खा पावसाळा मिळे: पेरणी, आजारपण, उपासमार, पोळा, सगळे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीत अडकून पडले. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक आजही वाचले जाते ते त्यांनी किती मुलूख ओलांडला यासाठी नव्हे, तर जेथे थांबावे लागले तेथे त्यांनी काय पाहिले यासाठी.

परिक्रमेचे हे उदाहरण या वादात निर्णायक ठरावे इतके समर्पक आहे, कारण त्यात पसारा आणि मुक्काम एकमेकांच्या विरोधात उभे राहत नाहीत. परिक्रमावासी अमरकंटकपासून भडोचपर्यंतचे सारे खोरे पायांखाली घालतो, म्हणजे अंतर सोडत नाही. आणि त्याच वेळी वर्षातला जो काळ चालण्याला निरुपयोगी त्याच काळात तो गावात राहतो, म्हणजे मुक्कामही सोडत नाही. आधुनिक पर्यटनाने यातले अंतर तेवढे घेतले. रजा, शाळेच्या सुट्ट्या आणि हवामान यांच्या सोयीने प्रत्येक प्रदेशाचा एक हंगाम ठरवला गेला, हॉटेलांचे दर त्या हंगामाला बांधले गेले, आणि कालांतराने तो हंगाम म्हणजेच तो प्रदेश अशी लोकांची समजूत झाली. काश्मीर म्हणजे बर्फ किंवा ट्यूलिप, केरळ म्हणजे नौका, राजस्थान म्हणजे पौषातली गुलाबी थंडी. कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीखालच्या शेतांतून बांध घालून पाणी उपसल्याशिवाय भात लावता येत नाही, आणि घरनौकेतून जाणारा प्रवासी त्याच बांधांच्या कडेने जातो; तरीही बांधाच्या आतली पाण्याची पातळी बाहेरच्या कालव्यापेक्षा खाली आहे, एवढी एक गोष्ट पाहणारे किती निघतील? गोव्यातील खाजन जमिनीवर भरतीचे पाणी अडवणारे बांध आणि मानस नावाची लाकडी दारे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना तरी ही गोष्ट दिसायला हवी.

प्रवासी : उणीव मान्य आहे, बाई. मग उपाय सरळ आहे. जो प्रदेश एका ऋतूत पाहिला तो उलट ऋतूत पुन्हा पाहायचा. पुढच्या वर्षी श्रावणात माजुलीला जाता येईल.

बाई : आणि तेथे गेल्यावर तुझे जेवण कोण करील? निमाती घाटावरून माजुलीला जाणारी नाव त्या दिवसांत आजाऱ्यांना, गुरांना आणि धान्याला लागते. ज्या घरात पाणी शिरण्याची वाट पाहत माणसे जागी आहेत, त्या घरात पाहुणा म्हणून जाणे हे पाहणे नव्हे, ते ओझे होणे आहे. हिवाळ्यात तुला चहा देणारी बाई पुरातही चहा देईल, पण म्हणून तो मागण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. ऋतू निवडताना आपल्याला काय पाहायचे आहे एवढेच धरून चालत नाही, यजमान त्या दिवसांत कशात गुंतलेला आहे तेही धरावे लागते. तुझ्या यादीतल्या मिझोरामला जायचे तर इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या नागरिकाला त्या राज्यात प्रवेशासाठी लागणारा परवाना, काढावा लागतो. त्याचे मूळ १८७३ च्या ब्रिटिश नियमात आहे आणि तो नियम करणाऱ्यांचे हेतू निराळे होते, पण आज तेथील लोक तो आपली जमीन आणि आपले जीवनमान राखण्यासाठी टिकवून आहेत. आपल्याच देशात परवाना कशाला, असा राग अनेक प्रवाशांना येतो. येण्याआधी विचारावे, ही अपेक्षा मात्र प्रत्येक घराची असते, आणि बाकीच्या बहुतेक राज्यांत ती कायद्यात लिहिलेली नाही म्हणून ती नाहीच असे समजणे चूक आहे.

प्रवासी : पुरात जाऊ नये हे बरोबर. पण पूर ओसरल्यावर, आश्विनात? त्या वेळी गाळ शेतात बसलेला असतो, खांब आणि कूड दुरुस्त होत असतात, नावा काठावर ओढून डागडुजीला घेतलेल्या असतात. रासाची तालीमही सुरू व्हायची असते, म्हणजे गावाला पाहुण्यांची गडबड नसते. पुराने काय नेले आणि काय आणून टाकले हे त्या दिवसांतच जमिनीवर दिसेल, आणि हाताला काम करता येत असेल तर पाहुणा थोडाफार उपयोगीही पडेल. लेहला मे महिना पाहिला, तेथे भाद्रपदात सातूच्या कापणी-मळणीचे दिवस असतात. चुरपोनचे काम त्या वेळी उरते की नाही, हेही तपासता येईल.

बाईंना आश्विन मान्य झाला, भाद्रपदही मान्य झाला. त्यांनी त्यात एकच भर घातली, की माजुलीला निघण्याआधी प्रवाशाने चैत्रात आठवडाभर माणमध्ये राहावे आणि टँकर कोणत्या वाडीला किती दिवसांनी येतो, तो आल्यावर हंडे कोण लावते आणि वाटपाचा क्रम कोण ठरवते, याची नोंद ठेवावी. पाटकरी आणि चुरपोन यांच्या जोडीला हे तिसरे उदाहरण त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात असून ते त्याने अजून पाहिलेले नाही. प्रवाशाने ते कबूल केले, परंतु चैत्रातला आठवडा, आश्विनातले दहा दिवस आणि लेहसाठी लागणारा काळ यांची बेरीज केल्यावर पुढील दोन वर्षांची रजा पाहिलेल्याच प्रदेशांत खर्ची पडते आणि मिझोराम व त्रिपुरा मागे राहतात, हेही त्याने बोलून दाखवले. ते मागे राहण्याने काही बिघडत नाही, असे बाईंचे म्हणणे पडले. प्रवाशाला ते पटले नाही. मिझोरामच्या लुशाई टेकड्यांत पाणी कसे वाटले जाते हे कोणी तरी जाऊन पाहिल्याशिवाय कसे कळणार, असे त्याने विचारले, आणि निदान या वेळी त्या राज्यात जाऊन काय पाहायचे आहे ते त्याला सांगता आले.